गटाचा कोड ठेवायचा कुठे? रेपोची जागा ठरवण्याची एकेक पायरी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, मे महिन्यातली दुपार. खडखडाट इतका की एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. मागावरून टॉवेल खाली उतरत होता आणि त्याच्या काठावर एका शाळेचं नाव उलटं विणलं जात होतं, आरशात दिसावं तसं. चूक आमच्या सॉफ्टवेअरची होती. नक्षीचं चित्र दिलं की मागावर नक्षी उठवणाऱ्या जेकार्डच्या पंचकार्डांची मांडणी करून देणारं हे छोटं मुक्त (म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारं) सॉफ्टवेअर आम्ही सोलापुरातली आठ-दहा मंडळी फावल्या वेळात लिहितो. बाण्याच्या एकेका धाग्यामागे एकेक कार्ड असतं. त्या कार्डावरची भोकं डावीकडून मोजायची की उजवीकडून, एवढ्या एका ओळीचा घोळ होता.

दुरुस्ती आदल्या रात्रीच माझ्या लॅपटॉपवर तयार होती. पेन ड्राइव्हवरून ती त्या कारखान्यात चढवली आणि तिथलं काम निघालं. पण हेच सॉफ्टवेअर वापरणारे आणखी सहा कारखाने होते आणि त्यांच्यासाठी रेपोत, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास जिथे साठवतात त्या जागेत, बदल चढवणं आम्हाला शक्यच नव्हतं. रेपो आमच्यातल्या एकाच्या वैयक्तिक खात्यात होता, चढवायचा हक्क फक्त त्यालाच होता. तो नोकरीला पुण्याला गेला, तिथे त्याचा फोन हरवला आणि लॉगिनचा दुसरा कोड देणारं अ‍ॅप त्या फोनमध्येच होतं. खातं परत मिळायला तेवीस दिवस लागले. मधल्या काळात एका मालकांनी फोनवर विचारलं, "दुरुस्त झालंय म्हणता, मग माझ्या मशीनवर का येईना ओ?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर आम्ही तीन रविवार बसून रेपोची जागा नव्यानं ठरवली. त्यातली प्रत्येक पायरी इथे मांडतो आहे. तुमचा गट लातूरचा असो की लांज्याचा, सॉफ्टवेअर कशाचंही असो, हाच क्रम चालेल. निर्णय मात्र तुमचा वेगळा निघू शकतो.

पहिली पायरी: नक्की काय काय ठेवायचंय ते कागदावर लिहा

"कोड कुठे ठेवायचा" हा प्रश्न ऐकायला एकच वाटतो, पण त्याच्या पोटात सहा-सात प्रश्न असतात. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलं ते मुळातच विखुरलेल्या लोकांसाठी. तुम्ही रेपो क्लोन करता, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवून घेता, तेव्हा नुसत्या फाइली येत नाहीत, पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास येतो. दहा जणांनी पूर्ण क्लोन केलं असेल तर त्या इतिहासाच्या दहा प्रती झाल्या. म्हणून कोड हरवण्याची भीती सगळ्यात कमी.

भीती बाकीच्या गोष्टींची. इश्यू म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या चुका आणि मागण्या. पुल रिक्वेस्ट म्हणजे "माझा बदल मुख्य कोडात घ्या" अशी विनंती; तिच्याखालची चर्चा, म्हणजे अमुक ओळ अशीच का लिहिली याची कारणं. विकी. डाउनलोडसाठी ठेवलेल्या तयार आवृत्त्या. प्रत्येक बदलानंतर आपोआप चाचणी घेऊन नवी आवृत्ती बांधणारी यंत्रणा, म्हणजे सीआय. आणि कोणाला काय करायचा हक्क आहे त्याची यादी. यातलं बहुतेक काही गिटमध्ये नसतं. ते त्या त्या सेवेच्या डेटाबेसमध्ये असतं आणि सेवा बंद झाली की तेच जातं.

कोड ठेवायच्या सेवा बंद होतात. गूगल कोड २००६ मध्ये सुरू झालं, मार्च २०१५ मध्ये बंद होणार असं जाहीर झालं आणि जानेवारी २०१६ मध्ये ते मिटलं. गिटोरियस २०१५ मध्येच गिटलॅबनं विकत घेतलं आणि काही महिन्यांत बंद केलं. मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्स २०१७ च्या अखेरीस थांबलं. बिटबकेट चालू राहिलं, पण मर्क्युरिअल या गिटसारख्याच दुसऱ्या पद्धतीचे रेपो त्यानं २०२० मध्ये काढून टाकले. या प्रत्येक वेळी कोड हलवणं सोपं होतं, बाकीचा संसार हलवताना लोकांची दमछाक झाली.

आम्ही एका मोठ्या कागदावर तीन रकाने पाडले: काय आहे, आज कुठे आहे, उद्या ती जागा गेली तर आपल्या हातात काय उरेल. तिसऱ्या रकान्यात जिथे "काहीच नाही" असं लिहावं लागलं, तिथे लाल गोल काढला. चार रेपो होते, त्यांत लाल गोल नव्हते. इश्यू, तयार आवृत्त्या आणि हक्कांची यादी या तिन्हीभोवती होते. हा कागद तासाभरात होतो, तो टाळू नका.

दुसरी पायरी: येणारी माणसं कोण आहेत ते पाहा

आमच्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक, इथल्या अभियांत्रिकी कॉलेजांतली मुलंमुली. गिटहब या कोड ठेवायच्या सेवेवर त्यांची खाती आधीपासून असतात, कारण नोकरीच्या अर्जात तो पत्ता द्यायची पद्धत पडली आहे. त्यांचं काम तिथे दिसणं हा त्यांच्या दृष्टीनं मोबदलाच आहे. तत्त्वाच्या गोष्टी बोलताना आपण हे विसरतो. विनावेतन काम करणाऱ्या मुलीला तिचं काम दाखवता आलं पाहिजे, हा मुद्दा हलका नाही.

दुसरे, कारखान्यांचे मालक आणि कारागीर. सोलापूरच्या पूर्वभागातल्या अनेकांच्या घरी तेलुगू, व्यवहारात मराठी, आणि निरोप द्यायचा तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. ते कोणत्याही सेवेवर खातं काढून इंग्रजी पानावर इश्यू लिहिणार नाहीत. त्यांच्याकडून तशी अपेक्षा धरणंच चूक. आम्ही पाळी लावली आहे: त्या महिन्यात ज्याची पाळी, त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तक्रारी इश्यूत उतरवायच्या. फोटो चढवण्याआधी त्यातलं गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर, ऑर्डरची चिठ्ठी झाकायची. सार्वजनिक रेपोत गेलेला फोटो परत घेता येत नाही.

तुमच्याकडचे लोक असेच दोन याद्यांत लिहा आणि प्रत्येकासमोर एक प्रश्न ठेवा: या माणसाला पहिली मदत करायला किती पायऱ्या चढाव्या लागतील? खातं काढणं ही एक पायरी, नवी पद्धत शिकणं दुसरी, ओळख पटवायला कार्ड देणं तिसरी. तिसऱ्या पायरीपाशी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी परत फिरतो.

तिसरी पायरी: जागा पाहून या

गिटहब २००८ पासून आहे, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं साडेसात अब्ज डॉलर्सना घेतलं. माणसं तिथे आहेत, हे त्याचं सगळ्यात मोठं बळ. सार्वजनिक रेपोंना सीआय फुकट, आणि त्यात लिनक्सबरोबर विंडोज आणि मॅकची यंत्रंही मिळतात. आमच्यासाठी शेवटी हाच मुद्दा भारी ठरला, कारण कारखान्यांतले संगणक विंडोजवर चालतात आणि मालकांना हवी असते ती दोनदा क्लिक केली की चालणारी फाइल.

उणी बाजूही तितकीच खरी. गिटहबचं स्वतःचं सॉफ्टवेअर मुक्त नाही. ते अमेरिकी कायद्याखाली चालतं: जुलै २०१९ मध्ये इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खात्यांवर निर्बंध आले, त्यांचा स्वतःचा काही दोष नसताना. ऑक्टोबर २०२० मध्ये यूट्यूब-डीएल या व्हिडिओ उतरवून घेणाऱ्या प्रकल्पाचा रेपो संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून बंद झाला आणि नोव्हेंबरमध्ये परत सुरू झाला. आपल्याकडचंही आठवा. डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशानं भारतात ३२ संकेतस्थळं अडवली गेली, त्यांत गिटहब होतं, सोर्सफोर्ज होतं, इंटरनेट आर्काइव्हही होतं. काही दिवसांनी ती खुली झाली, पण एका आदेशानं आपलं काम थांबू शकतं हे तेव्हा दिसलं.

संगीत कंपन्यांच्या त्या तक्रारीवरून आम्ही आणखी एक गोष्ट शिकलो. आमच्या रेपोत नमुना म्हणून ठेवलेल्या नक्ष्यांपैकी चार कुठल्या कारखान्याच्या होत्या हेच कोणाला सांगता येईना. त्या काढल्या आणि आमच्यातल्या एकीनं नव्या काढून दिल्या. कोणत्याही सेवेवर जाण्याआधी आपल्या रेपोतली चित्रं, फाँट आणि शब्दयाद्या कोणाच्या आहेत ते तपासा. जुन्या नक्ष्या नुसत्या पुसून भागत नाही, त्या इतिहासात राहतात. इतिहास धुवायचा असेल तर हलण्याआधीच धुवा, आणि मग सगळ्यांना नव्यानं क्लोन करायला सांगा.

गिटलॅबची गंमत अशी की त्यांच्या जागेवर राहता येतं आणि त्यांच्या सॉफ्टवेअरची सामुदायिक आवृत्ती आपल्या सर्व्हरवरही बसवता येते. ग्नोम आणि डेबियन या मोठ्या मुक्त प्रकल्पांनी २०१८ मध्ये, तशाच केडीईनं २०२० मध्ये हाच स्वतःच्या सर्व्हरवरचा मार्ग घेतला. त्यांच्या जागेवर मोफत राहिलात तर सीआयला महिन्याला ४०० मिनिटं मिळतात. आमच्या गटाला ती पुरली असती, पण नव्या खात्याची ओळख पटवायला फोन किंवा कार्ड मागितलं जातं तिथे मुलं अडली असती.

कोडबर्ग मला मनापासून आवडतं. बर्लिनमधली ना-नफा संस्था ते चालवते, खर्च सभासदांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून भागतो, आणि ते ज्या फोर्जेयो नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतं ते पूर्ण मुक्त आहे. फक्त मुक्त परवान्याच्या प्रकल्पांनाच जागा मिळते, त्यामुळे परवाना आधी ठरवून रेपोत ठेवावा लागतो. शिवाय भाषांतरासाठी वेब्लेट हे साधन आहे. मराठी-तेलुगू-कन्नड अशा तीन भाषांत पडद्यावरचे शब्द सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांना ते फार सोयीचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये झिग या प्रोग्रॅमिंग भाषेचा प्रकल्प गिटहब सोडून तिथे गेला. अडचण एकच: तिथला सीआय लिनक्सचा आहे. विंडोजची फाइल लिनक्सवरून बांधता येते, पण आमच्या सॉफ्टवेअरचा छपाईचा भाग खऱ्या विंडोजवर तपासल्याशिवाय भरवसा बसत नाही.

सोर्सहट या सेवेवर बदल ईमेलनं पाठवतात आणि पाठवणाऱ्याला खातंही लागत नाही. लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, काम अशाच ईमेलच्या पद्धतीनं चालतं. कसलेल्या मंडळींना ती पद्धत उत्तम, आमच्या मुलांना पहिल्याच दिवशी जड गेली असती.

चौथी पायरी: स्वतःचा सर्व्हर चालवायचा का, हे स्वतंत्रपणे ठरवा

प्रत्येक गटात कोणीतरी म्हणतंच, "आपलाच सर्व्हर टाकू या." आमच्याकडे ते मीच म्हणालो. तांत्रिकदृष्ट्या अवघड काही नाही. गिटी किंवा त्यातून २०२२ च्या अखेरीस वेगळं झालेलं फोर्जेयो १ जीबी मेमरीच्या लहानशा भाड्याच्या सर्व्हरवर छान चालतं. गिटलॅबला त्याच्या अनेक पट मेमरी लागते, लहान गटानं त्या वाटेला जाऊ नये.

घरी किंवा कॉलेजच्या खोलीत मशीन ठेवायचा विचार मात्र आम्ही लवकर सोडला. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, बंद खोलीतल्या मशीनचं काय होतं ते पाहिलं आहे. वीज जाते. आणि बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडवर स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, शेकडो घरं एका पत्त्यामागे असतात. मग बाहेरच्या माणसाला तुमच्या मशीनपर्यंत पोचायला वेगळी तजवीज करावी लागते.

भाड्याच्या सर्व्हरवर पैशापेक्षा लक्ष जास्त खर्च होतं. सुरक्षेच्या सुधारणा वेळेवर बसवायच्या. खोटी खाती काढून जाहिराती टाकणाऱ्यांना आवरायचं. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारे यांत्रिक वाचक रेपोच्या एकेका जुन्या पानावर इतके तुटून पडतात की ग्नोमला आपल्या गिटलॅबपुढे अनुबिस नावाचा पहारेकरी बसवावा लागला. आणि मार्च २०२१ मध्ये पीएचपी या वेबसाइटींसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाचं काय झालं ते पाहा: त्यांच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर, प्रकल्पाच्या दोन जुन्याजाणत्या माणसांच्या नावानं, बाहेरच्याला चोरून आत शिरता येईल असे बदल घुसवले गेले. काही तासांत ते सापडले. त्यानंतर पीएचपीनं स्वतःचा सर्व्हर चालवणं थांबवून गिटहबलाच मुख्य जागा केलं. पीएचपी जगभर वापरलं जातं, तरीही त्यांना ते ओझं परवडलं नाही.

म्हणून नियम साधा ठेवा. परीक्षा चालू असताना, लग्नसराईत, दिवाळीत, रात्री अकरा वाजता सर्व्हर पडला तर तो उठवणारी निदान दोन माणसं नावानिशी सांगता येत असतील, तरच मुख्य रेपो स्वतःकडे ठेवा. आमच्याकडे एकच नाव निघालं.

पाचवी पायरी: किल्ल्या कोणाकडे

आमचं नुकसान इथे झालं, त्यामुळे यावर थोडं जास्त लिहितो. कोणतीही सेवा निवडा, रेपो वैयक्तिक खात्यात ठेवू नका. गिटहबवर ऑर्गनायझेशन, गिटलॅबवर ग्रुप, कोडबर्गवर पुन्हा ऑर्गनायझेशन, अशी गटाची जागा काढता येते आणि लहान सार्वजनिक कामासाठी ती फुकट असते. तिला किमान तीन मालक ठेवा. दोघं पुरतील असं वाटतं, पण दोघं एकाच वेळी नोकरीनिमित्त शहर सोडतात, हे आमच्या गावातल्या कोणत्याही गटाला सांगायला नको. तिघांपैकी एक तरी सोलापुरात मुळं असलेला माणूस हवा. आमच्याकडे त्या एक शिक्षिका आहेत, त्या कोड फारसा लिहीत नाहीत, पण त्यांच्याइतकं जबाबदार कोणी नाही.

गटाचं म्हणून एक खातं काढून त्याचा पासवर्ड सगळ्यांना वाटणं ही पळवाट घेऊ नका. एका लॉगिनवर एकच माणूस, असा गिटहबचा नियम आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, चूक कोणाच्या हातून झाली हे मग कधीच कळत नाही.

दोन टप्प्यांचं लॉगिन आता टाळता येत नाही. गिटहबनं कोड चढवणाऱ्यांना ते २०२३ मध्ये टप्प्याटप्प्यानं सक्तीचं केलं. ते चालू करताना रिकव्हरी कोडांची, म्हणजे फोन हरवला तर आत शिरायला लागणाऱ्या आकड्यांची, यादी मिळते. आमच्या सदस्यानं ती त्याच फोनमध्ये साठवली होती. आता आमच्या तिन्ही मालकांनी ती छापली आहे आणि प्रत्येकानं आपल्या पाकिटात बंद करून घरच्या कपाटात, रेशनकार्ड असतं तिथे ठेवली आहे. पाकीट जागेवर आहे का, हे दर सहा महिन्यांनी एकमेकांना फोन करून विचारतो.

एक डोमेन नाव घ्या. वर्षाला साधारण हजार रुपये लागतात आणि रेपो कुठेही असला तरी लोकांना पत्ता तोच राहतो. कारखान्यांना आम्ही फक्त आमच्या डोमेनवरचं डाउनलोड पान देतो. उद्या रेपो हलला तर आम्ही त्या पानामागचा दुवा बदलू, सात कारखान्यांत पुन्हा फिरावं लागणार नाही. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख दोघांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये घाला, आणि नोंदणीचा ईमेल एकट्याचा ठेवू नका.

सहावी पायरी: एक लहान रेपो नेऊन दोन आठवडे वापरून पाहा

आम्ही शब्दयादीचा रेपो कोडबर्ग आणि गिटहब या दोन्ही ठिकाणी नेऊन पाहिला. चाचणी अशी करा: गटात नवीन असलेल्या दोन विद्यार्थ्यांना बसवा आणि क्लोनपासून पुल रिक्वेस्टपर्यंतचं काम सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण हात मागे बांधून. ते जिथे अडतात ते टिपून घ्या.

आमची मुलं तीन ठिकाणी अडली. कॉलेजच्या लॅबमध्ये एसएसएचचा, म्हणजे गिट ज्या सुरक्षित जोडणीनं सर्व्हरशी बोलतं तिचा, २२ क्रमांकाचा पोर्ट बंद होता. गिटहब आणि गिटलॅब दोघंही ४४३ पोर्टवरून एसएसएच देतात, त्याची दोन-तीन ओळींची मांडणी आम्ही आता मदतीच्या पानावर लिहून ठेवली आहे. दुसरं, एचटीटीपीएसवरून चढवताना मुलं आपला पासवर्ड टाकत राहिली. गिटहबवर तो ऑगस्ट २०२१ पासून चालत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे सेवेकडून मिळणारी वेगळी किल्ली, काढावं लागतं. तिसरी अडचण मराठी फाइलनावांची. 'काठ-मोर' नावाची फाइल गिटच्या यादीत उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे अशी दिसायला लागली. फाइल बिघडलेली नसते. गिटच्या मांडणीत 'कोअर डॉट कोटपाथ' हा पर्याय 'फॉल्स' केला की नाव देवनागरीत दिसतं.

मोठ्या फाइलीही याच वेळी तपासा. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही आणि ५० एमबीच्या पुढे इशारा देतं. आमची नक्षीच्या ग्राफची स्कॅन केलेली दोन जुनी पानं त्यात अडकली, ती एलएफएसमध्ये, म्हणजे मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायच्या गिटच्या सोयीत, टाकावी लागली.

सातवी पायरी: ठरवा आणि कारणांसकट लिहा

माझं मत कोडबर्गकडे होतं. मतं मोजली तेव्हा गिटहबला सहा आणि कोडबर्गला तीन पडली. विंडोजचा सीआय आणि मुलांची आधीची खाती ही दोन कारणं मलाही खोडता आली नाहीत. तेव्हा मुख्य रेपो गिटहबच्या ऑर्गनायझेशनमध्ये, आणि त्याची सतत ताजी होणारी प्रत आमच्या लहान सर्व्हरवरच्या फोर्जेयोत, असं ठरलं. सर्व्हरला महिन्याला सुमारे पाचशे रुपये पडतात, ते वर्गणीतून जातात.

अर्धे रेपो इकडे, अर्धे तिकडे असा तोडगा एकानं सुचवला होता. तो घेऊ नका. नव्या माणसाला दोन घरांचे पत्ते लक्षात ठेवावे लागतात आणि इश्यू चुकीच्या घरी पडतात.

निर्णयाची एक फाइल मुख्य रेपोत ठेवा. तारीख, पर्याय, कारणं, कोणाचा विरोध होता तो का होता, आणि कोणत्या परिस्थितीत पुन्हा विचार करायचा. आम्ही तीन गोष्टी लिहिल्या आहेत: सार्वजनिक रेपोंचा फुकट सीआय बंद झाला तर, आमच्या कोणत्याही सदस्यावर देशावरून निर्बंध आला तर, किंवा कोडबर्गवर विंडोजची सोय झाली तर. आढावा दर वर्षी जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपली की पुढच्या रविवारी.

आठवी पायरी: हलण्याचा दिवस

सगळे मोकळे असतील असा दिवस निवडा आणि आठवडाभर आधी सांगा. त्या दिवशी जुन्या जागी कोणी काही चढवणार नाही असं ठरवा. आधी उघड्या पुल रिक्वेस्ट जमतील तेवढ्या मिटवा, त्या हलवणं सगळ्यात त्रासाचं.

मग गिट क्लोनला मिरर हा पर्याय जोडून जुन्या रेपोची प्रत घ्या. साध्या क्लोनमध्ये हातात फक्त मुख्य शाखा तयार येते, मिररमध्ये सगळ्या शाखा (कोडच्या समांतर वाटा) आणि टॅग (आवृत्त्यांवर मारलेल्या खुणा) जसेच्या तसे येतात. नव्या जागी रिकामा रेपो काढा, अगदी रिकामा, वाचा-मला (रीडमी) फाइलसुद्धा नको. त्यात गिट पुश मिरर करून चढवा. इथे एक धोका आहे: मिरर पुश समोरच्या रेपोला हुबेहूब आपल्यासारखं करतो, म्हणजे तिथे जास्तीचं जे असेल ते पुसतो. पत्ता दोनदा वाचल्याशिवाय एंटर दाबू नका. गिटहबवरून काढलेली प्रत परत गिटहबवर चढवताना जुन्या पुल रिक्वेस्टचे संदर्भ नाकारल्याच्या ओळी दिसतात. त्यांनी घाबरू नका, शाखा आणि टॅग पोचलेले असतात. एलएफएसच्या फाइली या सगळ्यात येत नाहीत, त्या वेगळ्या आणून वेगळ्या चढवाव्या लागतात.

गिटलॅब किंवा फोर्जेयोच्या दिशेनं जात असाल तर त्यांचं आयात करायचं साधन टोकन दिलं की इश्यू, लेबलं आणि रिलीज ओढून आणतं. नोंदी करणाऱ्यांची नावं मात्र नेहमी जुळत नाहीत, बऱ्याच गोष्टी आयात करणाऱ्याच्या नावावर दिसतात. लोकांना हे आधी सांगा, नाही तर आपलं श्रेय गेलं असं वाटतं.

पडताळणीला चेकलिस्ट नको, तीन आकडे पुरतात: शेवटच्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश म्हणजे ओळखक्रमांक, शाखांची संख्या, टॅगची संख्या. दोन्हीकडे सारखे असले की काम झालं. मग सगळ्यांनी आपापल्या मशीनवर रिमोटचा, म्हणजे सर्व्हरवरच्या रेपोचा, पत्ता बदलायचा, नव्यानं क्लोन करायची गरज नाही. जुन्या रेपोच्या वाचा-मला फाइलीत नवा पत्ता सगळ्यात वर लिहा आणि तो रेपो फक्त वाचण्यापुरता करा. तो पुसू नका, जुने दुवे कुठे कुठे चिकटवलेले आहेत ते तुम्हाला माहीत नसतं.

नववी पायरी: मागचं दार

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या एका अभियंत्यानं गडबडीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती मांडलेल्या होत्या, त्यांतली एकही वेळेला नीट कामाला आली नाही. योगायोगानं सहा तास आधी काढलेली एक प्रत होती, तीवरून गाडी रुळावर आली. रेपो वाचले, पण त्या सहा तासांतले इश्यू आणि टिप्पण्या गेल्या. त्यांनी हे सगळं उघडपणे जगाला सांगितलं म्हणून आपल्याला शिकता येतं.

आमची व्यवस्था तीन थरांची आहे. फोर्जेयो दर काही तासांनी गिटहबवरून ताजी प्रत ओढतो. अशा मिररमध्ये गिटचाच भाग येतो, इश्यू येत नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा, ज्याची पाळी तो गिटहबच्या एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रॅमनं माहिती मागवायच्या सोयीवरून, सगळे इश्यू आणि चर्चा फाइलीत उतरवतो आणि त्या फाइली वेगळ्या रेपोत ठेवतो. तिसरा थर सॉफ्टवेअर हेरिटेज, फ्रान्सच्या इन्रिया संस्थेनं २०१६ मध्ये जाहीर केलेलं जगभरच्या कोडचं संग्रहालय. तिथे आपल्या रेपोचा पत्ता देऊन तो जतन करायला सांगता येतं. खर्च शून्य, पाच मिनिटांचं काम.

आणि प्रतीवरून खरंच उभं राहता येतं का, ते करून पाहा. गेल्या महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला आम्ही सांगितलं, गिटहब बंद आहे असं समज, आणि फक्त फोर्जेयोच्या प्रतीवरून विंडोजची फाइल बांधून दाखव. तिला चाळीस मिनिटं लागली. फाइल बांधली गेली, हॅश जुळला, पण चालवल्यावर ग्राफची ती दोन मोठी पानं उघडेनात. एलएफएस ओढायची खूण मिरर लावताना आम्ही करायला विसरलो होतो. तिनं ती केली, पुन्हा ओढलं, आणि पानं आली. पुढची चाचणी तीच घेणार आहे, इश्यूंच्या फाइलींवरून.